किंमत श्रोत्यावर सोडा, आकडा मात्र तुम्ही सुचवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही ग्वाल्हेरला ख्यालगायन शिकता. दोन ख्याल, एक टप्पा, एक तराणा आणि भा. रा. तांबे यांच्या तीन कवितांना स्वतः लावलेल्या चाली, असे सुमारे तासाभराचे ध्वनिमुद्रण तुम्ही पुरे केले आहे आणि ते लोकांना डाउनलोड करून घेता यावे अशी तुमची इच्छा आहे. किंमत लिहायला हात धजत नाही, म्हणून ‘ज्याला जे द्यावेसे वाटेल ते त्याने द्यावे’ एवढे लिहून मोकळे व्हावे, असा विचार आहे. वडिलांचे म्हणणे असे की फुकट मिळालेल्या वस्तूची कोणी कदर करीत नाही. मैत्रिणीचे म्हणणे असे की नाहीतरी सगळे यूट्यूबवर फुकटच ऐकतात, तेव्हा येतील तेवढे पैसे पदरात पाडून घ्यावेत. दोघांपैकी कोणाचे ऐकावे, आणि पैसे घ्यायचे झाले तर नेमके कसे घ्यावेत, हे तुम्ही विचारले आहे.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत 22 वर्षे ध्वनिमुद्रण करतो आहे. कॅसेटची सद्दी संपत आली होती तेव्हा सुरुवात केली, सीडी आली आणि गेलीही. गेली दहा-अकरा वर्षे माझ्याकडे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची ध्वनिमुद्रणे मी त्यांच्या वतीने डाउनलोडसाठी ठेवतो आणि त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी किंमत श्रोत्यावर सोडलेली आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते की ‘लोक पैसे देतील की नाही’ हा तुमचा खरा प्रश्न नाही. तुमच्या लिहिण्यात दोन वेगळी कारणे एकमेकांत मिसळली आहेत. श्रोत्याला ऐपतीप्रमाणे देण्याची मोकळीक असावी, हे एक. आणि स्वतःच्या गाण्याची किंमत स्वतःच्या तोंडाने सांगण्याचा संकोच वाटतो, हे दुसरे. पहिल्या कारणासाठी ऐच्छिक किंमत ठेवणे उत्तम. दुसऱ्या कारणासाठी ठेवाल, तर तुमचा संकोच उचलून तुम्ही श्रोत्याच्या गळ्यात घालाल, आणि संकोचलेला श्रोता पैसे देत नाही, तो ते पानच बंद करतो.

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही, हे ग्वाल्हेरात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा तानसेन समारोहाच्या आरंभी समाधीपाशी आजही होते, आणि कीर्तन ऐकत वाढलेले आपल्यासारखे लोक आरतीचे तबक ओळखतात. उत्तररंग, म्हणजे कीर्तनातला कथेचा भाग, संपतो, आरती होते, तबक फिरते. त्यात किती टाकायचे हे कोणी सांगत नाही, न टाकणाऱ्याला कोणी उठवीत नाही, तरीही तबक रिकामे परत येत नाही. हे उदाहरण देऊन लोक म्हणतात, पाहा, सगळे श्रद्धेवर चालते. मला ते अर्धेच खरे वाटते. तबक कथा ऐकून झाल्यावर येते, आधी नाही, त्यामुळे आपल्याला काय मिळाले हे देणाऱ्याला कळलेले असते. ते त्याच्यापर्यंत चालत येते, त्याला उठून कुठे जावे लागत नाही. शेजारी बसलेला माणूस पाहत असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तबकात आधीपासून काही नाणी-नोटा पडलेल्या असतात, त्यावरून इथली रीत किती आहे ते दिसते. आमचे आजोबा देवळात तबक फिरवीत, तेव्हा निघण्यापूर्वी स्वतःच्या खिशातून दोन नोटा काढून सर्वांना दिसतील अशा वर ठेवीत. तेव्हा मला ती लबाडी वाटली होती. आता वाटते, ते समोरच्या माणसाला अडचणीतून सोडवीत होते.

अहेराच्या पाकिटाचेही तसेच आहे. मंगल कार्यालयाच्या दारात आपण शेजाऱ्याला हळूच विचारतो, ‘तुम्ही किती घातले?’ हा प्रश्न कंजूष माणूस विचारीत नाही. कमी पडू नये आणि वेडगळपणाने जास्तही जाऊ नये अशी काळजी असलेला माणूस विचारतो. डाउनलोडच्या पानावरच्या रिकाम्या चौकटीपुढे तुमचा श्रोता असाच उभा असतो, आणि त्याला विचारायला शेजारी कोणी नसते. वीस रुपये लिहिले तर गायिकेचा अपमान होईल का, पाचशे लिहिले तर आपण भाबडे ठरू का, या विचारात तो ‘नंतर पाहू’ म्हणतो. ते नंतर सहसा उगवत नाही.

पूर्वीही कलावंताची बिदागी देणाऱ्यानेच ठरवायची, गायकाने मागायची नाही, अशीच रीत होती, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण त्या काळी देणारा आणि घेणारा एकाच समाजातले होते. कोणत्या दर्जाच्या गवयाला काय द्यावे हे संस्थानिकाला, जमीनदाराला, गणेशोत्सवाच्या मंडळालाही ठाऊक असे. आकडा बोलला जात नव्हता, पण तो होता. टोरांटोत बसून तुमचा टप्पा ऐकणाऱ्या माणसाला तो आकडा कुठून कळणार?

या म्हणण्याला माझ्या अनुभवापलीकडचा आधारही आहे. जॉन बकमन यांनी 2003 साली अमेरिकेत मॅग्नाट्यून नावाची एक छोटी संगीत कंपनी काढली. तिथे अल्बम आधी पूर्ण ऐकता येई, मग विकत घ्यायचा झाल्यास 5 ते 18 डॉलरच्या दरम्यान कोणतीही रक्कम श्रोत्याने निवडायची असे, आणि ‘8 डॉलर सुचवतो’ असे लिहिलेले असे. पैशाचा निम्मा भाग कलावंताला मिळे. दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या विक्रीच्या नोंदी तपासल्या तेव्हा सरासरी 8.20 डॉलर निघाली. पाच डॉलर देऊन सुटण्याची पूर्ण मुभा असताना लोकांनी सुचवलेल्या आकड्याच्या किंचित वरच देणे पसंत केले. हे उदाहरण मला रेडिओहेडच्या गाजलेल्या प्रयोगापेक्षा तुमच्यासारखीच्या अधिक उपयोगाचे वाटते.

तरी रेडिओहेडचे नाव निघणारच, कारण या विषयावर बोलणारा प्रत्येक जण त्यांच्यापासून सुरुवात करतो. या इंग्लिश बँडने 10 ऑक्टोबर 2007 रोजी ‘इन रेनबोज’ हा अल्बम स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला आणि किंमत श्रोत्यांवर सोडली. शून्यही चालत होते. कॉमस्कोर या संस्थेने अंदाज काढला की उतरवून घेणाऱ्यांपैकी 62 टक्क्यांनी काहीच दिले नाही आणि देणाऱ्यांनी सरासरी 6 डॉलर दिले. बँडने हा अंदाज चुकीचा असल्याचे सांगितले. त्या वादात मला शिरायचे नाही. ध्यानात ठेवण्याजोग्या गोष्टी वेगळ्या आहेत. डाउनलोडबरोबरच त्यांनी 40 पौंडांचा एक भरगच्च संच ठरावीक किमतीला विकायला ठेवला होता. डाउनलोडची ही सवलत दोनच महिने होती. आणि पुढे तोच अल्बम नेहमीसारखा सीडीवर आला तेव्हा तो ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यामागे मोठ्या कंपनीने अनेक वर्षे केलेली जाहिरात आणि जगभर जमवलेला श्रोता होता. आपल्याकडे लग्नात ज्यांच्या पंगतीला हजार माणसे बसतात त्यांच्या अहेराचा हिशेब पाहून कोणी आपल्या घरच्या मुंजीचा अंदाज बांधीत नाही.

त्याच सुमारास अमेरिकी कवी-गायक सॉल विल्यम्स यांचा अल्बम ‘फुकट किंवा 5 डॉलर’ अशा दोनच पर्यायांत आला. त्याचे निर्माते ट्रेंट रेझनर यांनी जानेवारी 2008 मध्ये आकडे जाहीर केले: 1,54,449 जणांनी अल्बम उतरवला, त्यांपैकी 28,322 जणांनी पैसे दिले, म्हणजे 18 टक्क्यांच्या थोडे वर. रेझनर यांना हे निराशाजनक वाटले. मला त्यातले अठरा टक्केही बरे वाटतात, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की तिथे किंमत निवडण्याची मोकळीक नव्हतीच. होते दोन दरवाजे, आणि त्यांतला एक सताड उघडा होता. शंभर किंवा दीडशे देण्याची इच्छा असलेल्या माणसाला तिथे जागा नव्हती.

संकोचाविषयी मी जे म्हणतो आहे त्याचा सर्वांत चांगला पुरावा संगीताबाहेरचा आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकात 2010 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका मोठ्या मनोरंजन उद्यानात रोलर कोस्टरसारख्या पाळण्यात बसलेल्या लोकांचे फोटो विकले जात. नेहमीची किंमत 12.95 डॉलर होती आणि ती देऊन फोटो घेणारे शेकड्यात एकही नव्हते. किंमत लोकांवर सोडली तेव्हा आठ टक्क्यांहून अधिक लोकांनी फोटो घेतले, पण सरासरी रक्कम एका डॉलरपेक्षाही कमी निघाली. मग किंमत लोकांवरच ठेवून, निम्मी रक्कम एका दानकार्याला जाईल असे सांगितले. तेव्हा सरासरी पाच डॉलरच्या वर गेली, मात्र घेणाऱ्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. हा शेवटचा भाग मी पुनःपुन्हा वाचला. स्वस्तात घेणे शोभणार नाही असे वाटले, तेव्हा पुष्कळांनी थोडे देऊन घेण्याऐवजी घेणेच टाळले. माणूस पैसे वाचवतो हे खरे, पण त्याआधी स्वतःच्या नजरेतली पत वाचवतो.

म्हणून माझे उत्तर असे: किंमत श्रोत्यावर जरूर सोडा, पण आकडा सुचवण्याची जबाबदारी सोडू नका. आता तो कोणता आकडा, ते सांगतो.

मी गायकाबरोबर बसून आधी खर्च लिहितो: मुद्रणाचे तास, तबला आणि पेटीच्या साथीची बिदागी, नंतरचे ध्वनिसंतुलन, मुखपृष्ठाचे चित्र. समजा, सगळे मिळून 24,000 रुपये झाले. मग गायकाला विचारतो, तुम्हाला नावानिशी ओळखणारे, मागच्या बैठकीला आलेले, तुमच्या गुरूंच्या घरचे, शाळेतले, नात्यातले असे किती जण मनापासून ऐकतील? फेसबुकवरचे अंगठे यात धरायचे नाहीत. ही संख्या 120 आली, तर दोनशे रुपये हा सुचवण्याजोगा आकडा झाला. तो पानावर मधोमध ठेवायचा, त्याच्या एका बाजूला शंभर, दुसऱ्या बाजूला पाचशे, आणि खाली ‘स्वतःची रक्कम लिहा’ अशी चौकट. शेजारी एक वाक्य, खरे आणि कोरडे: या तासाभराच्या मुद्रणाला एवढा खर्च आला, प्रत्येकाकडून दोनशे आले तर तो भरून निघतो. हे वाक्य देवळातल्या तबकात ठेवलेल्या नोटेचे काम करते. त्यात भावनेला हात घालण्याची गरज नाही. ‘कलेची सेवा’ वगैरे शब्द मी काढून टाकायला लावतो. एक बारीक गोष्ट: मी 201 किंवा 501 लिहीत नाही. एक रुपया वर चढला की किंमत जाऊन अहेर होतो, आणि अहेर द्यायला माणसाला आधी नाते शोधावे लागते.

शून्याला परवानगी द्यावी की किमान रक्कम ठेवावी, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे आणि इथे मी ठाम सांगणार नाही. ज्यांचे गाणे ऐकणारे अजून कमी आहेत त्यांनी शून्य ठेवावे असे माझे मत आहे, कारण फाइलची आणखी एक प्रत निघाल्याने तुमचे काही जात नाही आणि आज फुकट नेणारा विद्यार्थी उद्या बैठकीला येऊन बसतो. ज्यांचा श्रोता ठरलेला आहे, मैफलींना तिकीट लावूनही गर्दी होते, त्यांनी किमान रक्कम ठेवावी. त्यांच्याकडे फुकट नेणारा बहुधा नवा नसतो, जुनाच असतो. तुमचे हे पहिलेच मुद्रण आहे, तेव्हा तुम्ही शून्य ठेवा. पण त्याचा दरवाजा वेगळा ठेवा आणि त्यावर लिहिण्याच्या शब्दांचा विचार करा. ‘फुकट डाउनलोड’ असे लिहिले की दोनशे देऊ शकणारा माणूसही तिकडे वळतो, त्यात त्याचा दोष नाही. मी लिहितो: ‘आत्ता देणे जमणार नाही, पण ऐकायचे आहे.’ ज्याची खरोखर अडचण आहे त्याला यात कमीपणा नाही. ज्याची अडचण नाही तो हे वाक्य स्वतःच्या तोंडी घालताना एकदा थबकतो. तिथे फक्त त्याचा ईमेल मागावा. पंधरा दिवसांनी त्याला एकच पत्र पाठवावे, की ऐकून झाले असेल आणि आवडले असेल तर आता देता येईल. तबक ऐकून झाल्यावर फिरते, हे इथे कामाला येते. दुसरे पत्र पाठवू नये. मी एकदा तीन पाठवली होती. त्यानंतर एका ज्येष्ठ श्रोत्यांनी मला लिहिले, की आपण वसुलीचे काम कधीपासून घेतले?

याच कारणाने, पानावर पूर्ण ध्वनिमुद्रण आधी ऐकता आले पाहिजे. तीस सेकंदांचा तुकडा चित्रपटगीताला पुरेसा असेल, विलंबित ख्यालाची तीस सेकंदांत समही, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्राही, येत नाही.

आता पैसे घेण्याचे. इथे भारतातला श्रोता आणि परदेशातला श्रोता असे दोन मार्ग वेगळे करावे लागतात, आणि हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच अडखळतात. परदेशातल्यांसाठी बँडकॅम्प हे 2008 पासून चालू असलेले, संगीत विकण्याचे संकेतस्थळ सोयीचे आहे. तिथे किमान रक्कम तुम्ही ठरवायची, शून्यही चालते, आणि त्याहून अधिक किती द्यायचे ते श्रोत्याने. डाउनलोडच्या विक्रीतून ते 15 टक्के ठेवतात आणि तुमची विक्री 5,000 डॉलरच्या पुढे गेली की 10 टक्के; शिवाय पैसे पोहोचवणाऱ्या सेवेचे शुल्क वेगळे. 2020 च्या मार्चपासून ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटा सोडतात, त्या दिवशी पत्र पाठवणे शहाणपणाचे. फुकट उतरवण्याच्या संख्येला तिथे मर्यादा असते, म्हणून शून्याचा दरवाजा मी तिथे ठेवीत नाही, आपल्याच पानावर ठेवतो. विक्रीचे पैसे पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेतल्या तुमच्या खात्यात येतात, आणि अडचण इथेच आहे: पेपालने भारतातल्या भारतात पैसे देण्याघेण्याची सेवा 1 एप्रिल 2021 पासून बंद केली आहे, परदेशातून येणारे पैसे तेवढे घेता येतात. त्यामुळे न्यू जर्सीतल्या तुमच्या मावशी तुम्हाला सहज पैसे देतील, आणि इंदूरच्या काकांना मात्र ते जमणार नाही. काकांना वाटेल आपल्याच फोनमध्ये बिघाड आहे, आणि तुम्हाला वाटेल काकांना द्यायचे नव्हते.

भारतातल्या श्रोत्यासाठी यूपीआय आहेच. 2016 साली ते सुरू झाले, आणि रक्कम न भरलेला क्यूआर कोड म्हणजे खरे तर ऐच्छिक किमतीचेच यंत्र आहे. भाजीवाल्याच्या गाडीवर लटकलेला तो पुठ्ठा तेच करतो. म्हणून सुरुवातीला मीही तसाच कोड पानावर चिकटवला आणि खाली लिहिले, पैसे पाठवून ईमेल करा. चूक माझी होती. पैसे आले, पण कोणाचे आले ते कळेना. ॲपमध्ये एक नाव दिसे, ईमेल दुसऱ्याच नावाने येई, कित्येकांनी ईमेल केलाच नाही. कोड चालतो का हे पाहायला एक रुपया पाठवणारेही होते. एका गृहस्थांनी पाचशे रुपये पाठवून आठ दिवस वाट पाहिली आणि मग माझा फोन नंबर शोधून, अतिशय सौजन्याने, फाइल कधी मिळेल असे विचारले. त्या दिवशी तो कोड मी काढला.

त्याऐवजी कोणत्याही पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचे, असे पान घ्या, ज्यात रक्कम ग्राहक भरू शकतो, ईमेल भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि पैसे जमा होताच डाउनलोडचा दुवा आपोआप जातो. साधारण 2 टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी धरला तर शंभरातले 97 रुपये 64 पैसे तुमच्या हातात येतात, हे परवडते. मात्र काही जण टक्क्यांखेरीज दर व्यवहारामागे काही रुपये ठरावीक कापतात, ते आधी वाचून घ्या, कारण वीस रुपयांच्या व्यवहारात ते बोचतात. मी म्हणून या पानावर किमान 50 रुपये ठेवतो आणि शून्यासाठी वर सांगितलेला वेगळा दरवाजा. गेटवेतून शून्य रुपये जाऊच शकत नाहीत, तेव्हा दोन दरवाजे करावेच लागतात. आलेल्या पैशाला ‘देणगी’ म्हणू नका. ती विक्री आहे, तुमच्या व्यवसायाचे उत्पन्न आहे, आणि करासाठी तशीच दाखवावी लागते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची आहे, तिथवर आपल्यापैकी कोणी लवकर पोहोचत नाही. परदेशातून येणाऱ्या पैशांविषयी मात्र आपल्या सीएंना एकदा विचारून ठेवा.

फाइलविषयी थोडक्यात. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे 10 एमबी होते, म्हणजे तुमचा तास 600 एमबीचा. 320 केबीपीएसची एमपी3 त्याच्या पाव भागाहूनही कमी, दीडशे एमबीच्या आत. दोन्ही ठेवा, आणि व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवायची वेळ आलीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती जशीच्या तशी जाते. आता डाउनलोड करून घेणारे लोक थोडे आहेत, हे मान्यच केले पाहिजे. बहुतेकांना स्ट्रीमिंग पुरते. जे घेतात ते म्हणजे रियाझासाठी एकच आलाप शंभर वेळा मागे नेऊन ऐकणारे विद्यार्थी, गाडीत पेनड्राइव्ह लावून झाशी-भोपाळ करणारे निवृत्त लोक, आणि परदेशातली आपली माणसे. यांना वस्तू आपल्याजवळ असावी असे वाटते. ऐच्छिक किंमत याच लोकांसाठी आहे. यूट्यूबवर सरकत जाणाऱ्या श्रोत्याकडून ती अपेक्षू नका, तो तुमचा ग्राहक नाही, तो रस्त्यावरून जाताना खिडकीपाशी थांबलेला माणूस आहे.

तुम्ही विचारले नाही, पण विचारायला हवे होते, असे काही हक्कांविषयी. तांबे 7 डिसेंबर 1941 रोजी गेले. आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क टिकतो, म्हणजे 2001 च्या अखेरीस तो संपला. ग्वाल्हेरच्या राजकवींच्या कविता ग्वाल्हेरच्या मुलीने गाऊन विकायला कोणाची परवानगी लागत नाही. पण त्यांच्या कवितांच्या जगाला तोंडपाठ असलेल्या चाली नंतरच्या संगीतकारांच्या आहेत, त्यांचे हक्क त्या संगीतकारांच्या हयातीवरून मोजले जातात. तुम्ही स्वतः चाली लावल्या आहेत, हे फार चांगले केले. त्यांत जुन्या चालीची एखादी ओळ नकळत डोकावत नाही ना, हे मात्र दुसऱ्या कोणाकडून ऐकवून घ्या. ख्यालांच्या पारंपरिक बंदिशींना अडचण नाही. संगीतशास्त्रकार विष्णू नारायण भातखंडे 1936 साली गेले, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या रचनाही मोकळ्या आहेत. गुरुजींनी स्वतः बांधलेली एखादी बंदिश त्यात असेल तर त्यांची लेखी संमती घ्या, ते प्रेमाने ‘त्यात काय’ म्हणतील तरीही.

साथीदारांचा प्रश्न याहून नाजूक आहे. कॉपीराइट कायद्यात वादकालाही स्वतःच्या वादनावर हक्क आहे. पुष्कळ तरुण गायक साथीदारांना सांगतात, ‘किंमत लोक ठरवणार आहेत, जे येईल त्यात वाटून घेऊ.’ मला हे पटत नाही. औदार्य दाखवायचे तुम्ही ठरवले, त्याची जोखीम तबलजींनी का घ्यावी? त्यांची ठरलेली बिदागी मुद्रणाच्या दिवशीच द्यावी, आणि खर्च भरून निघाल्यावर पुढे जे येईल त्यात त्यांचा टक्का ठरवून ठेवावा. रक्कम आधी कळत नसल्यामुळे इथे रुपयांत बोलता येत नाही, टक्क्यांतच बोलावे लागते, आणि म्हणूनच ते कागदावर हवे.

वडील आणि मैत्रीण राहिले. वडिलांचे म्हणणे किंमत न लिहिण्याला लागू पडते, ऐच्छिक किमतीला नाही; पानावर ‘दोनशे रुपये’ हे शब्द दिसले की वस्तूला मोल आहे हे कळते, मग कोणी पन्नास देवो की काहीच न देवो. त्यांना ते पान दाखवा, बहुधा त्यांचा विरोध मावळेल. मैत्रिणीचे ‘येतील तेवढे’ मात्र सोडून द्या. त्या भावनेने केलेले पान तसेच दिसते, आणि लोक तेवढेच देतात.

पहिल्या महिन्यात किती आले यावरून काही ठरवू नका. त्यातले निम्मे नातेवाईक असतील आणि ते गाण्यासाठी नव्हे तर तुमच्यासाठी देतील. चौथ्या महिन्यापासून ओळखीचे नसलेले नाव दिसू लागले आणि त्याने मधला आकडा निवडला, तर सुचवलेली रक्कम बरोबर आहे. अनोळखी लोक सतत शंभरच निवडू लागले तर दोनशेचे दीडशे करा, सतत पाचशे निवडू लागले तर तीनशे करा, पण वर्षातून एकदाच. सध्या पानाचे काम थोडे थांबले तरी चालेल. तुमचे मुद्रण झाले आहे आणि साथीदारांशी कागद झालेला नाही असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते, तेव्हा या आठवड्यात आधी तबलजींच्या घरी जाऊन या.